चादरींचा साठा, चार थ्रेड आणि एक नियम: मॉनिटर नीट कसा लिहायचा

सोलापुरातल्या एखाद्या चादर-टॉवेलच्या घाऊक दुकानाचा बिलिंग प्रोग्राम डोळ्यांसमोर आणा. काउंटरवर दोन बिले एकाच वेळी बनत आहेत, तिसरीकडून ऑनलाइन ऑर्डर येत आहे आणि मागे पॅकिंगचे काम सुरू आहे. प्रत्येक काम वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे प्रोग्राममधल्या स्वतंत्रपणे चालणाऱ्या धाग्यावर चालते आणि चारही थ्रेड एकाच ऑब्जेक्टला हात लावतात. त्याचे नाव साठा. त्यात दोन आकडे आहेत: विकायला मोकळ्या चादरी म्हणजे ‘शिल्लक’ आणि ऑर्डरसाठी बाजूला काढलेल्या म्हणजे ‘राखीव’. गोदामात ४० चादरी आहेत. शिल्लक ४०, राखीव ०.

आता काउंटरवरून ३० चादरींची ऑर्डर आली आणि त्याच क्षणी ऑनलाइन २० ची. पहिला थ्रेड शिल्लक वाचतो: ४०. दुसराही वाचतो: ४०. दोघांच्याही दृष्टीने माल पुरेसा आहे. पहिला ४० मधून ३० वजा करून शिल्लक १० लिहितो. दुसऱ्याच्या हातात अजून जुनेच ४० आहेत. तो त्यातून २० वजा करतो आणि १० वर २० लिहितो. मग दोघे पाठोपाठ राखीवमध्ये भर घालतात, आधी ३०, नंतर ५०. शेवटी शिल्लक २०, राखीव ५०, म्हणजे ४० चादरींच्या गोदामात कागदोपत्री ७० चादरी. कुठेही एरर आली नाही, प्रोग्राम बंद पडला नाही, लॉगमध्येही काही नाही. दोन्ही थ्रेडचा कोड वेगवेगळा वाचला तर अगदी बरोबर वाटतो.

‘शिल्लक = शिल्लक − ३०’ ही ओळ दिसायला एक असली तरी प्रोसेसरसाठी ती तीन कामे आहेत: वाचणे, वजा करणे, लिहिणे. या तिन्हींच्या मध्ये कुठेही दुसरा थ्रेड घुसू शकतो. रोजच्या कामात तो क्वचित घुसतो, म्हणून अशी चूक चाचणीत महिनोन्‌महिने दिसत नाही. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत बिलांची रीघ लागली की नेमकी तेव्हा ती वर येते.

लॉकच्या आधी नियम

बहुतेक जण इथे लगेच लॉक लावायला धावतात, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप. त्याआधी एक काम करा. या ऑब्जेक्टबद्दल कोणती गोष्ट कायम खरी असायला हवी, ते कॉमेंटमध्ये एका वाक्यात लिहा. आपल्या साठ्यासाठी ते वाक्य असे: शिल्लक आणि राखीव मिळून गोदामातल्या एकूण चादरी, आणि दोन्हींपैकी कुठलाही आकडा शून्याखाली नाही. याला इन्व्हेरियंट म्हणतात. पुढे मी नुसते ‘नियम’ म्हणेन.

शिल्लक कमी केली आणि राखीव अजून वाढवली नाही, त्या मधल्या क्षणी नियम मोडलेलाच असतो. ते टाळता येत नाही. हाती एवढेच आहे की त्या क्षणी दुसऱ्या कुणालाही आत पाहू द्यायचे नाही. मॉनिटर म्हणजे डेटा आणि त्याचे रक्षण एकत्र ठेवणारे ऑब्जेक्ट, आणि त्याचे सगळे काम हेच: आत कुणीही नसेल तेव्हा नियम खरा असलाच पाहिजे. आत आलेल्याने तो हवा तर तात्पुरता मोडावा, पण बाहेर पडण्यापूर्वी पुन्हा खरा करून ठेवावा. लॉक हे त्यासाठीचे साधन आहे. नियम न लिहिता लावलेला लॉक नक्की कशाचे रक्षण करतो, हे सहा महिन्यांनी तो लावणाऱ्यालाही सांगता येत नाही.

मॉनिटरचे तीन भाग असतात: खाजगी डेटा, त्या डेटाचा एकच लॉक, आणि थांबण्याची सोय. डेटाला हात लावणारी प्रत्येक मेथड आत शिरताना लॉक घेते आणि बाहेर पडताना सोडते. साठ्याचे रूप असे:

मॉनिटर साठा
    खाजगी: शिल्लक, राखीव
    राखून_ठेव(नग):
        नग शून्य किंवा उणे असेल तर चूक कळव
        शिल्लक < नग असेल तर ‘नाही’ परत दे
        शिल्लक = शिल्लक − नग
        राखीव = राखीव + नग
        ‘हो’ परत दे

जावात हे मेथडवर सिंक्रोनाइज्ड लिहून होते, सी शार्पमध्ये लॉक ब्लॉकने आणि पायथॉनमध्ये विथ ब्लॉकने. या तिन्हींत मध्येच एक्सेप्शन आले तरी लॉक आपोआप सुटतो. जावातला रीएंट्रंटलॉक वापरत असाल तर ते काम तुमचे. लॉक घेतल्यावर लगेच ट्राय, आणि सोडणे फायनलीमध्येच. एका वाटेवर सोडायचे राहिले तर त्या वाटेने एक थ्रेड गेल्यावर साठा कायमचा बंद होतो.

लॉक आपोआप सुटतो, यातही एक धोका आहे. शिल्लक कमी झाली आणि राखीव वाढण्यापूर्वी एक्सेप्शन आले, तर लॉक सुटेल पण नियम मोडलेलाच राहील. म्हणून वरच्या मेथडमधला क्रम नीट पाहा: सगळ्या तपासण्या आधी, बदल शेवटी, आणि बदलांच्या मध्ये चुकू शकेल असे काहीही नाही.

फक्त वाचणाऱ्या मेथडलाही लॉक लागतो. ‘मी तर नुसता आकडा दाखवतो’ हा युक्तिवाद चालत नाही. एक तर शिल्लक बदलाआधीची आणि राखीव बदलानंतरची, अशी जोडी हाती येऊ शकते. दुसरे म्हणजे एका थ्रेडने लिहिलेले दुसऱ्याला कधी दिसेल, याची हमी लॉकमुळेच मिळते. जावाची मेमरी मॉडेल २००४ मध्ये जावा ५ सोबत सुधारली. तिच्यानुसार एकाने लॉक सोडण्यापूर्वी जे जे लिहिले, ते तोच लॉक नंतर घेणाऱ्याला दिसतेच. लॉक न घेणाऱ्याला असे कुठलेच वचन नाही. फील्डवर व्होलाटाइल हा शब्द लिहिल्याने ताजा आकडा दिसतो, पण वाचणे-वजा करणे-लिहिणे यांतली फट तशीच राहते. ॲटॉमिक इंटिजर, म्हणजे वाचणे-बदलणे-लिहिणे एका दमात करणारा आकडा, एका आकड्यापुरता उत्तम आहे. आपला नियम दोन आकड्यांना बांधतो, तिथे तो अपुरा पडतो.

ही कल्पना कुठून आली

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पेर ब्रिंच हॅन्सन आणि टोनी होअर या संगणकशास्त्रज्ञांनी मॉनिटरची कल्पना घडवली. त्याआधी डाइक्स्ट्रा यांचे सेमाफोर होते, म्हणजे थ्रेडना थांबवणारे आणि सोडणारे मोजणी-आकडे. ते चालायचे, पण घेणे आणि सोडणे प्रोग्रामभर विखुरलेले असायचे. डेटा आणि त्याचे रक्षण एकाच जागी आणायचे, हा मॉनिटरचा गाभा. होअर यांचा प्रसिद्ध शोधनिबंध १९७४ चा. ब्रिंच हॅन्सन यांच्या कॉन्करंट पास्कल या भाषेत हे रक्षण अंगभूतच होते. मॉनिटरच्या डेटाला बाहेरून हात लावणारा कोड कंपायलर स्वीकारायचाच नाही. जावात तशी सक्ती नाही. एका मेथडवर सिंक्रोनाइज्ड लिहायचे राहिले तर कंपायलर काहीच बोलत नाही. ब्रिंच हॅन्सन यांनी १९९९ मध्ये याच मुद्द्यावर जावावर कडक टीका केली होती, आणि ती आजही रास्त आहे. त्यामुळे ती शिस्त आपणच पाळायची: प्रत्येक फील्ड खाजगी, आणि कोड तपासताना प्रत्येक मेथडवर नजर.

थांबायचे असेल तर

साठ्यात माल नसेल तर ‘नाही’ म्हणून मोकळे होता येते. पण काही ठिकाणी थांबावेच लागते. बिलिंगचे थ्रेड तयार ऑर्डर एका रांगेत टाकतात, पॅकिंगचे थ्रेड त्या उचलतात. रांग रिकामी असेल तर पॅकिंगने थांबायचे, भरली असेल तर बिलिंगने. रांगेला मर्यादा हवीच, समजा १०० ऑर्डर. मर्यादा नसेल तर गर्दीच्या दिवशी पॅकिंग मागे पडते, रांग फुगत जाते आणि शेवटी मेमरी संपून सगळा प्रोग्रामच पडतो.

मॉनिटर रांग
    ठेव(ऑर्डर):
        जोवर रांग भरलेली आहे तोवर: थांब
        ऑर्डर शेवटी जोड
        सगळ्यांना उठव
    घे():
        जोवर रांग रिकामी आहे तोवर: थांब
        पहिली ऑर्डर काढ
        सगळ्यांना उठव
        ती ऑर्डर परत दे

‘थांब’ म्हणजे जावातले वेट, ‘सगळ्यांना उठव’ म्हणजे नोटिफायऑल. सी शार्पमध्ये मॉनिटर क्लासचे वेट आणि पल्सऑल, पायथॉनमध्ये कंडिशनचे वेट आणि नोटिफाय_ऑल.

वेट दोन कामे एका दमात करते: लॉक सोडते आणि थ्रेडला झोपवते. ‘एका दमात’ हे महत्त्वाचे. आपणच आधी लॉक सोडला आणि मग झोपलो, तर त्या दोहोंच्या मधल्या क्षणी दुसरा थ्रेड ऑर्डर टाकून हाक मारून जाईल. तेव्हा आपण अजून झोपलेलोच नव्हतो, त्यामुळे हाक वाया गेली. मग आपण झोपलो ते झोपलोच, रांगेत ऑर्डर असूनही. म्हणून वेट आणि नोटिफाय लॉक हातात असतानाच बोलवावे लागतात. लॉक नसताना जावात बोलावले तर इल्लीगल मॉनिटर स्टेट एक्सेप्शन येते. ते त्रासदायक वाटले तरी तुम्हाला वाचवणारेच आहे.

‘जर’ नको, ‘जोवर’ हवे

वरच्या कोडमधल्या ‘जोवर’च्या जागी ‘जर’ लिहिणे ही या विषयातली सर्वांत जास्त दिसणारी चूक. काय होते ते सावकाश पाहा. रांग रिकामी आहे, पॅकिंगचा थ्रेड क वेटमध्ये झोपला आहे. बिलिंगने एक ऑर्डर टाकली आणि हाक मारली. क जागा झाला, पण लॉक अजून बिलिंगकडे आहे, म्हणून क दारात उभा राहिला. बिलिंगने लॉक सोडला. तेवढ्यात पॅकिंगचा दुसरा थ्रेड ख नव्यानेच आला, लॉक त्याला मिळाला, तो ऑर्डर उचलून गेला. आता क आत येतो. ‘जर’ असेल तर तो पुन्हा तपासत नाही, थेट ऑर्डर काढायला जातो. रांग रिकामी. एक्सेप्शन.

होअर यांच्या १९७४ च्या रचनेत हाक मारताच लॉक थेट उठलेल्या थ्रेडच्या हातात जायचा, मधे कुणी घुसू शकत नव्हते. झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात बनलेल्या मेसा भाषेने ते बदलले. तिथे हाक म्हणजे फक्त सूचना: ‘बहुधा तुझी अट पुरी झाली असेल, येऊन बघ.’ आजच्या जवळजवळ सगळ्या भाषा मेसाच्या वाटेने जातात. शिवाय जावा आणि पोझिक्स (युनिक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिमचे मानक) या दोघांचे दस्तऐवज स्पष्ट सांगतात की थ्रेड कुणीही हाक न मारताही जागा होऊ शकतो. उठल्यावर अट पुन्हा तपासायची, हे त्यामुळे ऐच्छिक नाही. पायथॉनचे वेट_फॉर आणि सी प्लस प्लसमधले अट सोबत घेणारे वेट हे चक्र स्वतःच चालवतात. हाती असतील तिथे तेच वापरा.

एकालाच उठवले तर

सगळ्यांना उठवणे उधळपट्टी वाटते, म्हणून पुष्कळ जण नोटिफाय लिहितात, म्हणजे कुणातरी एकालाच उठवायचे. जावाच्या साध्या मॉनिटरमध्ये झोपलेल्यांचा गट एकच असतो. जागेची वाट पाहणारे आणि ऑर्डरची वाट पाहणारे एकत्रच झोपलेले असतात, आणि कोण उठेल हे तुमच्या हातात नसते. रांगेची मर्यादा १ धरा, म्हणजे गाठ कुठे बसते ते दिसेल. पॅकिंगचे क आणि ख झोपले आहेत. बिलिंगच्या पहिल्या थ्रेडने ऑर्डर टाकली, क उठला पण त्याला अजून लॉक मिळालेला नाही. त्याआधीच बिलिंगचा पहिला थ्रेड दुसरी ऑर्डर घेऊन आला, रांग भरलेली पाहून झोपला. बिलिंगचा दुसराही तसाच आला आणि झोपला. आता क आत आला, ऑर्डर काढली, एकालाच हाक मारली, आणि उठला कोण तर ख. ख ने पाहिले, रांग रिकामी, तो पुन्हा झोपला. क पुढची ऑर्डर घ्यायला आला, रांग रिकामी, तोही झोपला. रांगेत जागा आहे, बिलिंगकडे ऑर्डर आहेत, आणि चारही थ्रेड झोपलेले. पुढे कुणालाच उठवणारा उरला नाही.

उपाय दोन. सोपा म्हणजे नोटिफायऑल. थोडे जास्त थ्रेड विनाकारण जागे होतील, पण गाठ बसणार नाही. दुसरा म्हणजे एका लॉकला दोन वेगळ्या कंडिशन: ‘जागा आहे’ आणि ‘ऑर्डर आहे’. मग ऑर्डर टाकणारा फक्त ऑर्डरवाल्यांपैकी एकाला उठवतो. जावात ही सोय २००४ पासून कंडिशन इंटरफेसने मिळते. झोपलेल्यांची संख्या मोठी असल्याचे मोजून दिसेपर्यंत मी पहिलाच उपाय निवडेन.

खरे तर अशी रांग रोजच्या कामात स्वतः लिहूच नका. जावाची ॲरे ब्लॉकिंग क्यू आतून हेच आहे, एक लॉक आणि दोन कंडिशन. पायथॉनच्या क्यूची रचनाही अशीच, फक्त तिथे आणखी एक कंडिशन असते. स्वतःचा मॉनिटर लिहायचा तो साठ्यासारख्या गोष्टींसाठी, जिथे नियम तुमच्या धंद्याचा असतो आणि तयार क्लास मिळत नाही.

लॉक असूनही गळती

प्रत्येक मेथडवर लॉक आहे, तरी हिशेब चुकतो, अशी तक्रार आली की आधी बोलावणारा कोड पाहा. ‘शिल्लक किती?’ विचारायचे, उत्तर ३० पेक्षा जास्त आले तर ‘३० काढ’ म्हणायचे. दोन्ही मेथड सुरक्षित आहेत, पण त्यांच्या मधल्या फटीत दुसरा थ्रेड माल घेऊन जातो. तपासणे आणि बदलणे एकाच मेथडमध्ये असले पाहिजे. राखून_ठेव म्हणूनच ‘हो’ किंवा ‘नाही’ परत देते.

दुसरी गळती म्हणजे आतली यादी जशीच्या तशी बाहेर देणे. राखीव ऑर्डरींची यादी मेथडने परत दिली की बाहेरचा कोड ती लॉकशिवाय बदलू शकतो, आणि नियम तुमच्या ताब्यातून सुटतो. प्रत द्या, किंवा न बदलणारी यादी द्या.

तिसरी म्हणजे चुकीच्या वस्तूवर लॉक. फील्डमधल्या इंटिजर ऑब्जेक्टवर लॉक घेतला आणि आतच त्या फील्डला नवा आकडा दिला, तर पुढच्या थ्रेडला वेगळे ऑब्जेक्ट मिळते. दोघेही आत. स्ट्रिंग लिटरलवर घेतला तर प्रोग्रामच्या भलत्याच कोपऱ्यातला कोड त्याच लॉकसाठी भांडू लागतो. लॉकसाठी वेगळे, खाजगी आणि फायनल ऑब्जेक्ट ठेवा.

लॉक हातात धरून लांबचे काम करणे ही चौथी. पेमेंट गेटवेला विचारायला दोन सेकंद लागत असतील, तर ती दोन सेकंदे सगळी बिले अडतात. आधी राखून ठेवा, लॉक सोडा, पेमेंट करा, मग पुन्हा लॉक घेऊन पक्के करा किंवा मोकळे सोडा. ‘राखीव’ हा आकडा त्यासाठीच आहे. जावा २१ मध्ये व्हर्च्युअल थ्रेड (थोड्या खऱ्या थ्रेडवर आळीपाळीने चालणारे हलके थ्रेड) वापरणाऱ्यांना याचा फटका जास्त बसायचा. सिंक्रोनाइज्डच्या आत अडलेला व्हर्च्युअल थ्रेड खालचा खरा थ्रेडही अडवून धरायचा. जावा २४ मध्ये ही अडचण जवळजवळ दूर झाली, पण लॉक धरून नेटवर्कवर थांबण्याची सवय तरीही वाईटच.

एका मॉनिटरमधून दुसऱ्यात

अक्कलकोट रोडच्या गोदामातून होटगी रोडच्या गोदामात माल हलवायचा आहे. एक थ्रेड पहिल्याचा लॉक घेऊन दुसऱ्यासाठी थांबतो. त्याच वेळी उलट दिशेने माल हलवणारा थ्रेड दुसऱ्याचा घेऊन पहिल्यासाठी थांबतो. दोघे कायमचे अडकले. यावर खात्रीचा उपाय क्रमाचा: प्रत्येक गोदामाला क्रमांक द्या आणि माल कुठल्याही दिशेने जावो, लहान क्रमांकाचा लॉक आधी घ्या. अशा अडकण्याला डेडलॉक म्हणतात, आणि जावाचे जेस्टॅक हे साधन तो स्वतः शोधून कोण कुणासाठी थांबला आहे ते दाखवते.

याहून फसवा प्रकार वेगळा आहे, आणि तो जेस्टॅक डेडलॉक म्हणून दाखवत नाही. समजा साठ्याच्या लॉकखाली असतानाच कुणी रांगेचे ‘ठेव’ बोलावले. रांग भरलेली, म्हणून थ्रेड वेटमध्ये गेला. वेट फक्त रांगेचा लॉक सोडते. साठ्याचा लॉक त्या झोपलेल्या थ्रेडकडेच राहतो. पॅकिंगचा थ्रेड आधीच एक ऑर्डर उचलून ‘माल रवाना’ नोंदवायला साठ्याकडे गेला आहे, आणि तिथे लॉकसाठी अडला. तो पुढची ऑर्डर उचलेल तेव्हा रांगेत जागा होणार, आणि तो साठा मोकळा झाल्याशिवाय पुढे येणार नाही. थ्रेड डंपमध्ये, म्हणजे त्या क्षणी प्रत्येक थ्रेड कुठे आहे हे दाखवणाऱ्या यादीत, पॅकिंगचे सगळे थ्रेड ब्लॉक्ड आणि एक बिलिंगचा थ्रेड वेटिंग, ही जोडी दिसली, तर वेटिंगमधल्या थ्रेडच्या स्टॅकमध्ये खाली जा. लॉक्ड म्हणून आणखी एखादे ऑब्जेक्ट दिसले की दोषी सापडला. एका मॉनिटरच्या आतून दुसऱ्या मॉनिटरची थांबणारी मेथड बोलवायची नाही, एवढे पाळले तर हा प्रकार उद्भवतच नाही.

चाचणी

आठ थ्रेड घ्या, लॅचने (सगळ्यांना दारात थांबवून एकदम सोडणारे साधन) एकाच क्षणी सोडा. प्रत्येकाने एक लाख वेळा १ नग राखून ठेवावा आणि मोकळा करावा. शेवटी शिल्लक पूर्ववत आणि राखीव शून्य आलेच पाहिजे. त्याच वेळी नववा थ्रेड लॉकखाली दोन्ही आकड्यांची बेरीज तपासत राहू द्या. हीच चाचणी लॉक काढून एकदा चालवा. तेव्हा ती नापास होत नसेल तर चाचणीच कमकुवत आहे. चक्रात प्रिंट घालू नका, कारण प्रिंट स्वतःच लॉक घेते आणि थ्रेडना एकामागे एक उभे करते, मग चूक लपते. रांगेची चाचणी मर्यादा १ ठेवून करा, उठवण्याच्या चुका तिथे लवकर उघड होतात. आणि चाचणीला ३० सेकंदांची मुदत घाला, नाहीतर अडकलेली चाचणी नापास न होता नुसती चालूच राहील.

शेवटची मर्यादा मात्र मॉनिटरच्या बाहेरची आहे. मॉनिटर एका प्रोसेसच्या मेमरीपुरताच चालतो. हाच प्रोग्राम दोन सर्व्हरवर चालू असेल, किंवा गोदामातला वेगळा प्रोग्राम थेट डेटाबेसमध्ये लिहीत असेल, तर प्रत्येकाचा लॉक आपापला, आणि सुरुवातीचे ७० चादरींचे चित्र पुन्हा उभे राहते. तिथे तोच नियम डेटाबेसकडून पाळून घ्यावा लागतो. शिल्लक वाचून प्रोग्राममध्ये वजाबाकी करू नका. एकाच अपडेटमध्ये शिल्लकेतून नग वजा करा आणि राखीवमध्ये मिळवा, आणि त्यालाच ‘जिथे शिल्लक मागितलेल्या नगांइतकी किंवा जास्त आहे’ ही अट जोडा. मग किती ओळी बदलल्या ते पाहा. एक बदलली तर माल मिळाला. शून्य आले तर माल संपला, आणि गिऱ्हाईकाचे पैसे घेण्याआधी ते सांगता येते.